दहा सेंटिमीटरची रेघ

कागदावर एक रेघ असते, दहा सेंटिमीटरची.
डाव्या टोकाला लिहिलंय : डोक्याला काहीच ताण नाही.
उजव्या टोकाला : याहून जास्त शक्यच नाही.
मधे कुठंतरी फुली मारायची.
ती मी पट्टीनं मोजते, मिलिमीटरमध्ये.
एका फॉर्ममागे साठ रुपये,
रिक्षाचे वेगळे मिळत नाहीत.

शिवाय कानात एक छोटं यंत्र.
काम चालू असताना टिक वाजते, बटण दाबायचं.
जितक्या टिका हुकतील
तितकं डोकं कामात बुडालेलं, असं सर म्हणतात.

वडणग्याच्या गुऱ्हाळावर बंडा मगदूम काहिलीपाशी उभा.
रस आधी खदखदतो, मग बोलायचं कमी करतो,
मग नुसतेच जाड बुडबुडे.
बंडा काहीच करत नाही.
आणि एकदम हात वर करतो, चौघं धावतात.
जरा उशीर झाला तर गूळ काळा,
जरा घाई झाली तर वाफ्यात बसतच नाही.
फुली : चार मिलिमीटर.
"ह्यात डोस्कं कुठं लागतंय ताई, नाक लागतंय."
वीसातल्या सतरा टिका त्याला ऐकूच गेल्या नव्हत्या.

केएमटीच्या कंडक्टरनं फॉर्म तिकिटांच्या गठ्ठ्यावर ठेवून भरला.
दसरा चौकाच्या वळणावर फुलीची झाली शेपटी,
अठ्ठावीसपासून एकाहत्तरपर्यंत.
मी मधला आकडा घेतला.
सरांना सांगितलेलं नाही.

गुजरीच्या मागच्या बोळात मेहरुन्निसा पटवेगार साज ओवते.
पानं, मणी, पानं, मणी, मधे गाठ,
गाठ अशी की सोन्यालाही कळू नये.
पेन्सिल हातात घेऊन तिनं विचारलं,
"आजचं सांगू की रोजचं?"
मी म्हटलं, कामाचं सांगा.
"काम तेच हाय. काल इथं होतं,"
तिनं रेघेच्या पहिल्या पावावर नख टेकवलं,
"आज पोराचा रिपोर्ट यायचाय. आज इथं."
नख सरकत सरकत पार टोकाशी गेलं.
दोन्ही खुणा नखाच्या.
फॉर्मवर रिपोर्टचा रकाना नाही.

आणि शिरोलीची ती बंद फाउंड्री.
संपत हेरवाडे, रखवालदार, रात्री आठ ते सकाळी आठ.
आत काय आहे? गंजलेले साचे, भट्टीत मांजर व्यालेली.
वीसच्या वीस टिका, लगेच, बोट जणू वाटच बघत होतं.
उलट यंत्र काढून घेताना म्हणाला,
"राहू दे की अजून थोडा वेळ, वाजतंय ते बरं वाटतंय."
मग त्यानं फुली मारली.
रेघेवर नाही.
रेघ संपते, त्याच्या पुढं कोरं, त्या कोऱ्याच्याही पुढं,
कागदाच्या अगदी कडेला.
"बारा तास काय बी होऊ द्यायचं न्हाई," तो म्हणाला,
"हे सोपं वाटतंय व्हय तुम्हाला?"

सर म्हणाले, बाद. रेघेबाहेरचं मोजत नाहीत.

रात्री मंगळवार पेठेत, खोलीवर,
सगळे फॉर्म पसरून बसले आहे.
गंमत म्हणून यंत्र स्वतःच्या कानात घातलंय.
हेरवाडेंची फुली तीनदा मोजली :
एकशे चौतीस, एकशे तेहतीस, एकशे छत्तीस.
फुली जागची हललेली नाही.

मग वहीतून एक पट्टी फाडली,
खळ नव्हती, शिळ्या भातानं चिकटवली,
आणि त्यांची रेघ वाढवत नेली
फुलीपर्यंत, आणि थोडी पुढंही,
कारण त्यांच्या नंतर कुणी येईलच.

सोमवारी सर विचारतील, हे काय.
काय सांगायचं ते मनात जुळवत होते.

टिक वाजली असणार.
यंत्रावर एक हुकल्याची नोंद आहे.